एका भिंतीचं जाहीर प्रकटन

सरकारी ऑफिसात माहिती लपवावी लागत नाही, ती आपली आपण लपते. कपाटात ठेवली की कपाटामागे पडते, फाइलीला लावली की ती फाइलच दुसऱ्या फाइलीच्या पोटात जाते, आणि ज्याला ठाऊक असते तो निवृत्त होऊन बागकाम करू लागतो. त्यात कुणाचा दोष नसतो. मात्र ती बाहेर काढायची म्हटलं की एक माणूस लागतो, आणि त्याला घरचे, दारचे आणि वरचे असे सगळे मिळून वेड्यात काढतात. आमच्या ऑफिसात तो माणूस मी होतो. हे मी अभिमानाने सांगतो आहे. नम्रपणे सांगायचा एकदा प्रयत्न करून पाहिला, पण अर्ध्यातच आवाज बसला.

झालं असं, की वरून एक परिपत्रक आलं. प्रत्येक कार्यालयाने आपल्या सर्व योजनांची माहिती, कुणी मागण्याची वाट न पाहता, स्वतःहून लोकांसमोर ठेवावी, असं त्यात होतं. मागायला आलेल्या माणसाला 'उद्या या' सांगण्यात ज्यांची उमेदीची वर्षं खर्ची पडली, त्या आमच्या साहेबांना हे शब्द वाचून काय झालं असेल याची कल्पना करा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शब्द तेच होते. मग त्यांनी मला बोलावलं.

"तुमचं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "हे तुम्ही बघा."

माझं अक्षर खरोखरच चांगलं आहे. शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचो. पण ऑफिसात चांगलं अक्षर असणं हे घरात उंच असण्यासारखं आहे. माळ्यावरचं सगळं तुम्हालाच काढायला लावतात. तरी मी परिपत्रक छातीशी धरून बाहेर आलो आणि कामाला लागलो.

योजना जाहीर करायच्या म्हणजे आधी त्या सापडायला हव्यात. मी कपाटं उघडली. त्यातल्या एकात एक योजना अशी निघाली, की तिचं नाव मला दोन ठिकाणी थांबून श्वास घेत वाचावं लागलं: 'ज्येष्ठ नागरिक गृहांतर्गत सुरक्षित वावर व आधार साहाय्य उपक्रम'. अर्थ एवढाच, की म्हाताऱ्या माणसांच्या घरी न्हाणीघरात किंवा जिन्याला, हाताने धरायचा भक्कम दांडा ऑफिसतर्फे फुकट बसवून मिळतो. दांडे गोदामात तयार होते. बसवायला फिटर नेमलेला होता. तो इतकी वर्षं आमचे पंखे दुरुस्त करत होता. नियम छापलेले होते. नव्हते ते फक्त म्हातारे.

मी साहेबांना विचारलं.

"ती योजना उत्तम चाललीय," साहेब म्हणाले. "आजवर एक तक्रार नाही."

"साहेब, आजवर एक अर्ज नाही."

"तेच म्हणतोय मी."

त्या संध्याकाळी मी घरी गेलो तो जिने चढताना स्वतःशीच हसत होतो, आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझं हसू गेलेलं होतं. कारण आमच्या जिन्याला कठडा नाही. पूर्वी होता. तो एके दिवशी निखळून खालच्या मजल्यावरच्या अपीलकाकांच्या स्कूटरवर पडला. अपीलकाकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते कुणी वाचत नाही. त्यांनी इमारतीच्या कमिटीवर दावा लावला, कठडा पुरावा म्हणून स्वतःच्या कॉटखाली ठेवला, आणि निकाल लागेपर्यंत घटनास्थळी काहीही बदल करायचा नाही अशी हरकत घेतली. तेव्हापासून माझी आई खाली उतरलेली नाही. तिचे गुडघे दुखतात, आणि धरायला काही नसेल तर ती पायरीवर पाय टाकत नाही. खिडकीत बसून ती रस्ता बघते आणि कोणत्या दुकानाचा रंग बदलला ते आम्हाला सांगते. हे सगळं घरात इतकं सवयीचं झालं होतं, की त्याबद्दल वाईट वाटायचंही राहून गेलं होतं. त्या संध्याकाळी मात्र वाटलं, आणि चांगलंच वाईट वाटलं.

जेवताना मी योजना सांगितली. नियम असाही होता, की जिना सामायिक असला तरी शेजाऱ्यांच्या संमतीची गरज नाही. बायको म्हणाली, "अहो, मग उद्याच अर्ज करा." मी पेन काढलंच होतं.

"थांब," आई म्हणाली. "ही योजना लोकांना ठाऊक आहे का?"

"नाही. आज मलाच कळली."

"मग पहिला दांडा आपल्याकडे नको. लोक म्हणतील, कपाट उघडलं आणि आईच्या पदरात टाकलं. आधी सगळ्यांना सांग. मग मी रांगेत उभी राहीन." आणि जरा थांबून म्हणाली, "म्हणजे, बसून राहीन."

माझ्या आईपुढे कुणाचं काही चालत नाही. मी पेन खिशाला लावलं आणि मनाशी ठरवलं, की आता ही योजना गावभर झाल्याशिवाय राहत नाही. एका लिपिकाने असं काही मनाशी ठरवणं धोक्याचं असतं, पण ते नंतर कळतं.

माहिती जाहीर करण्याची आमच्याकडे एक ठरलेली पद्धत आहे. सगळ्या शहरात मिळून एक फलक आहे. तो जीपमधून एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात जातो. आपली पाळी आली की त्यावर आपला कागद चिकटवायचा, फलक दारात टांगायचा, फोटो काढून वर पाठवायचा आणि फलक पुढच्या ऑफिसाला रवाना करायचा. आमच्या पाळीला मी रात्रीचं जागरण न करता, पण पुष्कळ मन लावून, सुंदर अक्षरात मजकूर लिहिला. फलक टांगला. मी शेजारी उभा राहिलो. फोटो निघाला. ड्रायव्हरने फलक काढून जीपमध्ये टाकला.

"अहो, पण लोकांनी वाचायचं कधी?" मी विचारलं.

"फोटोत वाचतील की," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्याने गाडी सुरू केली.

फोटो मी घरी आणला. त्यात फलक पूर्ण होता आणि माझा फक्त कोपर होता. बायकोने तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "कोपर तुमचाच वाटतो," ती म्हणाली, "शर्टाचं बटण मीच लावलंय." आईने फोटो एकदा पाहिला आणि परत दिला. खिडकीतच बसून राहिली.

अपमान माणसाला मोडतो तरी, नाहीतर पेटवतो तरी. मी पेटलो. मी ठरवलं की मजकूर असा लिहायचा, जो जीपमध्ये घालून नेता येणार नाही. आमच्या ऑफिसची एक लांबच लांब भिंत बसथांब्यासमोर आहे. तिथे लोक रोज बसची वाट बघत उभे असतात आणि वाचायला काही नसल्यामुळे एकमेकांच्या चपला बघतात. मी भिंतीवर योजना रंगवण्याचा प्रस्ताव तयार केला.

प्रस्ताव परत आला तेव्हा त्यावर 'गोपनीय' असा शिक्का होता. मंजूर होईपर्यंतची प्रत्येक टिपणी गोपनीय असते, असं मला सांगण्यात आलं. म्हणजे काय जाहीर करायचं हे जाहीर करायची बंदी होती. इमारत विभागाने विचारलं, की अक्षरांचा भिंतीवर किती भार येईल. मी लिहिलं, अक्षरं हलकी आहेत. त्यावर त्यांनी विचारलं, जोडाक्षरंसुद्धा का. इथे मला हात टेकावे लागले असते, पण अपीलकाका मदतीला धावले. दाव्यात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कागदाची नस कळते. आपल्याच हरकतीच्या मुळावर मी घाव घालतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मीही ते स्वतःहून जाहीर केलं नाही. परिपत्रक काही घरगुती व्यवहारांना लागू नव्हतं.

"मजकूर रंगवायला परवानगी मागू नका," ते म्हणाले. "भिंतीला रंग द्यायची मागा. रंगाचा आकार कुठला असावा याबद्दल नियमात काही नसतं."

मी 'दर्शनी भिंतीची रंगरंगोटी' असा एका ओळीचा कागद साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी सही केली. वाचून सही करण्याची आमच्याकडे पद्धत नाही. वाचलं की शंका येतात आणि काम खोळंबतं.

पेंटर मी चांगला निवडला होता. दुकानांच्या पाट्यांमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण तो पडला कलावंत. मोजमाप, दोरी, खडू यांची त्याला अॅलर्जी होती. मी मजकूर हातात दिला, त्याने तो वाचला आणि म्हणाला, "यात 'मोफत' हा एकच शब्द कामाचा आहे, साहेब. तो मोठा घेऊ." तो इतका मोठा घेतला, की भिंतीचा चौथा हिस्सा गेला. उपक्रमाचं नाव मग त्याने जमेल तसं कोंबून बसवलं. कोणासाठी, काय मिळेल, संमती लागत नाही, हे सगळं मात्र ठळक आलं. शेवटून दुसऱ्या ओळीत संपर्काचा नंबर घालायचा होता. ऑफिसचा फोन एका कुलूपबंद खोलीत वाजत असे. ती किल्ली कुणाकडे आहे याची फाइल चालू होती. पेंटर ब्रश धरून वाट बघत होता. मी माझ्या घरचा नंबर सांगितला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला लोकांच्या सोयीपेक्षा, एवढ्या मोठ्या भिंतीवर आपलं काहीतरी असेल, याचंच जास्त सुख झालं.

शेवटचा रकाना होता: 'आजवर किती जणांना लाभ मिळाला'. परिपत्रकात तो सक्तीचा होता. मी खरं ते सांगितलं. पेंटरजवळ लाल रंग बराच उरला होता आणि भिंतही उरली होती. त्याने पुरुषभर उंचीचं एक शून्य काढलं, आतून निळी छटा दिली, आणि चार पावलं मागे जाऊन डोळे भरून पाहिलं. "नुसत्या हाताने काढलंय," तो म्हणाला. "कंपास लावून बघा." खरोखरच असं गोल शून्य मी जन्मात पाहिलेलं नाही. दुर्दैव एवढंच, की ते साहेबांच्या खिडकीच्या बरोबर खाली आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसथांब्यावरचे सगळे लोक भिंत वाचत उभे होते. दोन बस रिकाम्या गेल्या. मला धन्य वाटलं. साहेब खिडकीत आले, तेव्हा खालून ते शून्याच्या वर बस्तान मांडून बसल्यासारखे दिसले, आणि लोक हसले. साहेबांना वाटलं, अभिवादन करताहेत. त्यांनी हात हलवला. मग ते खाली आले, रस्ता ओलांडून पलीकडे गेले, आणि त्यांनी भिंत वाचली.

"हे शून्य कुणाचं?" त्यांनी मला बोलावून विचारलं.

"आपलंच, साहेब."

"पुसा."

"जाहीर केलेली माहिती पुसता येत नाही, साहेब. फक्त अद्ययावत करता येते. परिपत्रकात आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग शांतपणे म्हणाले, "सोमवारी मोठ्या मॅडम तपासणीला येताहेत. तोवर ते शून्य मला दिसता कामा नये. नाहीतर तळघरात जुन्या कागदांच्या खोलीत एक टेबल रिकामं आहे. तुमचं अक्षर चांगलं आहे, तिथे उंदीर वाचतील. मी अख्ख्या भिंतीला चुना मारायला सांगतोय." चुना मारला म्हणजे योजना पुन्हा कपाटात, आणि आई खिडकीत, हे मला तिथल्या तिथे कळलं. तळघराची मला तेवढी भीती नव्हती. उंदरांची होती.

घरी आलो तर दार उघडंच होतं आणि आई फोनवर बोलत होती. सकाळपासून फोन ठेवायला सवड झाली नव्हती. मी सोफ्यावर पडून माझ्या आयुष्याचा विचार करत होतो आणि कानांवर आईचा आवाज पडत होता.

"न्हाणीघरात की जिन्याला? ... नाही, तसं नाही चालायचं, आधी सांगा कुठल्या हातात जोर आहे. उजव्या? मग दांडा उजवीकडेच हवा. उतरताना डावीकडे येतो, ते लक्षात घेतलंत का? ... बरं. घाबरू नका, नंबर लावलाय तुमचा."

ही बाई इतके दिवस खिडकीत बसून दुकानांचे रंग मोजत होती, यावर माझा विश्वास बसेना. माझ्या ऑफिसात इतकी वर्षं असं कुणी कुणाशी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. कोण कुठला, कोणाचा कुठला गुडघा, सगळं तिच्या तोंडपाठ. आणि प्रत्येक नवा फोन आला, की ती त्याला स्वतःच्या पुढे घालायची. "ते एकटे राहतात," म्हणायची, "माझं काय, तुम्ही आहात."

अपीलकाका वर आले. त्यांनीही भिंत वाचली होती, शेजाऱ्यांच्या संमतीची ओळसुद्धा, आणि दिवसभर ते घरात कुणाशी बोलले नव्हते. आता ते खुर्चीत बसले आणि घसा खाकरून म्हणाले, "चुन्याविरुद्ध स्थगिती मिळू शकते. मात्र वेळ लागेल."

"किती?"

"माझ्या कठड्याला बघा ना."

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. "अहो, शून्य पुसायला कशाला हवंय," ती हात पुसत म्हणाली. "एकाच्या घरी दांडा बसवा. मग ते शून्य राहणारच नाही."  सकाळी ही कल्पना मी साहेबांना माझी म्हणून सांगितली. नवरा-बायकोत तुझं-माझं करू नये, असं मला वाटतं.

साहेब बुडत्याने काडी धरावी तसे लगेच तयार झाले. फिटरने ड्रिल मशीन खोक्यातून काढलं. त्याचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. आईच्या क्रमाप्रमाणे पहिला नंबर एका निवृत्त शिंप्याचा होता. तो आंघोळीला जाताना शेजाऱ्याला दाराबाहेर उभा करत असे. त्याच दुपारी त्याच्याकडे दांडा बसला. मी पेंटरला निरोप पाठवला, की शून्याच्या जागी एक करून टाक, आणि चहा घ्यायला गेलो. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच आपत्ती मी चहाला गेलो असताना घडलेल्या आहेत.

परत येऊन पाहतो तो भिंतीवर '१०' होते.

"असं शून्य पुसू मी?" पेंटर म्हणाला. त्याचे डोळे ओले झाल्यासारखे वाटले. "दुसऱ्यांदा हात असा वळत नाही, साहेब. मी एक काढून दिला ना शेजारी. एकसुद्धा चांगला आलाय."

साहेब खिडकीतून वाकून पाहत होते. त्यांचा चेहरा उजळला. "दहा म्हणजे छानच आकडा आहे. राहू द्या," ते वरून म्हणाले.

"साहेब, पण बसलाय एकच."

"वाढतील की हळूहळू."

"जाहीर केलेलं खरं असायला हवं, साहेब," मी म्हणालो. रस्त्यावर उभं राहून, मान वर करून, बसथांब्यावरच्या लोकांसमोर मी हे म्हणालो. मी फार धीट माणूस नाही. पण ती भिंत माझी होती आणि तिच्यावर नंबर माझ्या घरचा होता. कुणी खोटं म्हणून फोन केला असता तर तो आईने उचलला असता. "एकतर शून्य पुसावं लागेल, नाहीतर सोमवारपर्यंत आणखी नऊ बसवावे लागतील."

पेंटर शून्याला पाठ लावून उभा राहिला. लोक साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी खिडकी लावून घेतली, आणि जरा वेळाने ते बाह्या सरसावत खाली आले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगायला शब्द नाहीत. शब्द होते ते सगळे आईच्या फोनवर खर्च झाले. ती घरून हुकूम सोडायची आणि आम्ही धावायचो. फिटरपुढे शिडी, शिडीमागे मी, माझ्यामागे दांडे घेतलेले साहेब. सुट्टीच्या दिवशी ऑफिसची जीप मिळाली नाही, कारण ती फलक घेऊन गेली होती. मग अपीलकाकांनी स्कूटर काढली. कठड्याचा मार बसल्यापासून तीही पुरावा म्हणून जागची हलवली नव्हती. एका घरात फिटरने ड्रिल लावलं ते थेट पाण्याच्या नळीत. कारंजं उडालं. त्या घरच्या आजींनी साहेबांच्या हाती बादली दिली आणि म्हणाल्या, "अशी धरा. हलू नका." साहेब हलले नाहीत.

"किती वर्षं आहात हो या कामावर?" आजींनी विचारलं.

साहेबांनी भिजलेला चष्मा पुसला. "नवीनच आहे," ते म्हणाले.

दांडा बसल्यावर आजींनी तो दोन्ही हातांनी धरून ओढून पाहिला, पाय आत टाकला, बाहेर काढला, परत टाकला. मग त्या तशाच दांडा धरून नुसत्या उभ्या राहिल्या. परतताना साहेबांनी उरलेले दांडे मोजले. कोपऱ्यावर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "पुढचा पत्ता काय सांगितलाय आईंनी?" माझ्या आईला साहेबांनी 'आई' म्हटलेलं ते पहिल्यांदा, आणि माझा ऊर भरून आला. हे लिहितानाही येतो आहे.

रविवार मावळला तेव्हा नऊ झाले होते. दहावे गृहस्थ दाराला कुलूप लावून मुलीकडे गेले होते. त्यांच्यानंतर पुढचा नंबर फक्त आईचा उरला होता; बाकी सगळ्यांनी मंगळवारनंतरचे दिवस मागून घेतले होते, आणि त्यांनाही पुढे घालायला ती तयार होती. शेवटी साहेबांनी स्वतः घरी फोन केला. "आई, हा सरकारी आदेश समजा," ते म्हणाले. सोमवारी सकाळी फिटर ड्रिल घेऊन आमच्या जिन्यात शिरला आणि मी ऑफिसला पळालो.

मोठ्या मॅडम वेळेआधीच आल्या. अधिकाऱ्यांनी वेळेआधी येणं हा एक प्रकारचा दगा आहे. गाडीतून उतरून त्या आत न येता भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, उपक्रमाच्या नावासकट. मग त्यांनी बोट दाखवलं.

"दहा?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एक 'हो' म्हणायचं होतं. अर्ध्या तासात ते खरं झालं असतं. तळघर मला डोळ्यांसमोर दिसत होतं, उंदरांसकट.

"नऊ, मॅडम," मी म्हणालो. "दहावा आत्ता बसतोय. बसला की नाही, मला ठाऊक नाही."

साहेबांनी डोळे मिटले.

"मग दहा का लिहिलंत?"

"पेंटरला शून्य पुसवेना, मॅडम."

 मॅडमनी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. शून्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "त्याआधी नुसतं शून्यच होतं?" त्यांनी विचारलं. साहेबांनी डोळे उघडले आणि मला बोलू न देता म्हणाले, "हो. इतकी वर्षं शून्यच होतं. यांनी ते लिहिलं म्हणून आम्हाला दिसलं." हे त्यांनी म्हटलं. मी साक्षीदार आहे, आणि अपीलकाकांकडून मी ते कागदावरही करून घेणार आहे.

तेवढ्यात रस्त्यापलीकडची माणसं बाजूला झाली. आई येत होती. एका बाजूला बायको, मागे अपीलकाका. पण कुणी तिला धरलेलं नव्हतं. ती थांबत थांबत, दुकानं बघत येत होती. खिडकीतून तिला जी वरून दिसायची, ती आता समोरून दिसत होती. तिने रस्ता ओलांडला आणि साहेब पुढे झाले.

"आपण?" मॅडमनी विचारलं.

"मी दहावी," आई म्हणाली.

 बसथांब्यावरच्या एका माणसाने टाळी वाजवली आणि मग आपण एकटेच वाजवतोय हे पाहून थांबला. आईने चष्मा लावला आणि भिंत वाचायला घेतली. ती माझं काम पहिल्यांदाच बघत होती. मी शाळेत फळ्यासमोर उभा राहायचो तसा उभा होतो, हात मागे बांधून. ती एक एक ओळ वाचत सरकली. 'मोफत'पाशी मान हलवली. संमतीच्या ओळीपाशी अपीलकाकांकडे पाहिलं; त्यांनी आकाशाकडे पाहिलं. नंबरापाशी ती थांबली.

"हे बदला," ती म्हणाली.

"का? नंबर बरोबर आहे, आई."

"नंबर बरोबर आहे. पण आता तो उचलणार कोण? मी काही घरात सापडायची नाही."

साहेबांनी खिशातून स्वतःचा फोन काढला, त्याच्याकडे एकदा निरोप दिल्यासारखं पाहिलं, आणि शून्यापाशी राखणीला उभ्या असलेल्या पेंटरला म्हणाले, "माझा नंबर घाला." आईने त्यांच्याकडे वळून विचारलं, "कुठल्या हाताला जोर आहे, हे विचाराल ना?" साहेब म्हणाले, "विचारीन." मग ती चष्मा घडी करून निघाली.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

"बघते जरा पुढे काय काय आहे."

ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी बघत राहिलो. मॅडम आत गेल्या होत्या, साहेब मला हाका मारत होते, आणि मी भिंतीपाशी उभा राहून लोकांना वाचताना बघत होतो. ओ द्यायला मला वेळ लागला.